फार्म टीमच्या प्लेऑफमधून मोठ्या क्लबचं भविष्य कसं ओळखायचं, नाशिकला बसून

एप्रिल लागला की आमच्याकडे दोन कामं एकदमच सुरू होतात, दिंडोरीला मामांच्या बागेत खरड छाटणी आणि तिकडे एएचएलचे प्लेऑफ. एएचएल म्हणजे अमेरिकन हॉकी लीग, आइस हॉकीतल्या एनएचएलच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या नॅशनल हॉकी लीगच्या, बरोबर खालची लीग, १९३६ पासून चालू आहे, आणि एनएचएलच्या ३२ क्लबांची प्रत्येकी एक अशा ३२ फार्म टीम, म्हणजे मोठ्या क्लबासाठी पोरं तयार करायच्या टीम, तिच्यात खेळतात. नाशिकमध्ये एनएचएल बघणारे लोक आता बऱ्यापैकी झालेत, आमचाच कॉलेज रोडचा पाच-सहा जणांचा ग्रुप आहे, पण फार्म टीम कोणी बघत नाही आणि मग ऑक्टोबरमध्ये मोठ्या टीममध्ये एखादा नवीन पोरगा दिसला की विचारतात हा कुठून आला. कुठून येणार, तो मे महिन्यात खेळतच होता ना, आपण बघितलं नाही. एएचएलवाले स्वतः सांगतात की आजचे जवळजवळ ९० टक्के एनएचएल खेळाडू त्यांच्याकडून गेलेत. तेव्हा ते कसं बघायचं ते सगळं एका जागी लिहून ठेवतोय, मला जमायला तीन-चार सीझन गेले, तुम्हाला एका प्लेऑफमध्ये जमेल.

एका मे महिन्यात मामांकडे मुक्कामी होतो, सकाळी टॅबवर मॅच लावलेली, मामा बाग बघून आले आणि शेजारी बसले. "कोण जिंकतंय रे?" मी सांगितलं मामा ही खालची टीम आहे, इथे पोरं तयार करतात आणि मग वरच्या टीमला पाठवतात. तर म्हणाले, "मग स्कोअर काय बघतोस, काडी बघ की." द्राक्षवाल्यांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. एप्रिलच्या छाटणीनंतर वेलीवर विकायला काहीच नसतं पण नवीन फुटलेल्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंब फुटायच्या जागी, पुढच्या हंगामाचा घड त्या दोनेक महिन्यांतच तयार होत असतो, बाहेरून दिसत नाही, म्हणून ऑक्टोबर छाटणीच्या आधी लोक काड्या लॅबला नेऊन मायक्रोस्कोपखाली डोळे तपासून घेतात की कुठल्या डोळ्यात घड आहे आणि कुठल्यात नुसती बाळी, म्हणजे वेलीचा तंतू. एएचएलचे प्लेऑफ एप्रिल ते जून, आणि एनएचएलचा सीझन सुरू होतो ऑक्टोबरच्या आसपास. मी तेव्हापासून प्लेऑफकडे डोळे तपासणीसारखंच बघतो आणि खाली जे काही आहे ते सगळं त्यातूनच आलंय.

आधी वेळेचं गणित, कारण सगळे इथेच अडकतात. एप्रिल ते जूनमध्ये अमेरिकेच्या पूर्वेकडच्या शहरात संध्याकाळी ७ ची मॅच असली की आपल्याकडे पहाटेचे साडेचार, आणि पश्चिमेकडच्या शहरात ७ ची असली की आपल्याकडे सकाळचे साडेसात. म्हणजे हर्शी, प्रॉव्हिडन्स, शार्लट, सिरॅक्युज, लावाल, टोरंटो या टीम घेतल्या तर अलार्म लावावा लागतो, आणि अॅबट्सफर्ड, कोचेला व्हॅली, हेंडरसन, सॅन होजे घेतल्या तर आंघोळ उरकून चहा घेत बघता येतं, अंबड-सातपूरला फर्स्ट शिफ्ट असेल तर मात्र नाही जमणार. मॅच फ्लोहॉकीवर दिसतात, पैसे भरावे लागतात, दोघा-तिघांनी एकाच्या घरी जमून बघायचं. रोज बघूच नका, मी आठवड्याला दोन मॅच पूर्ण बघतो आणि बाकीच्यांची स्कोअरशीट वाचतो, तेवढं पुरतं.

प्लेऑफचा फॉरमॅट पटकन. ३२ पैकी २३ टीम येतात, अटलांटिक डिव्हिजनच्या ६, नॉर्थच्या ५, सेंट्रलच्या ५ आणि पॅसिफिकच्या ७. पहिला राउंड तीन मॅचचा, त्यात वरच्या नंबरच्या टीमना बाय. मग डिव्हिजनची सेमीफायनल आणि फायनल पाच-पाच मॅचच्या, मग कॉन्फरन्स फायनल आणि शेवटची फायनल सात-सात मॅचच्या. जिंकेल त्याला कॅल्डर कप, एनएचएलचे पहिले अध्यक्ष फ्रँक कॅल्डर यांच्या नावाचा. सगळ्यात जास्त कप हर्शी बेअर्सचे, १३, त्यातले शेवटचे दोन २०२३ आणि २०२४ चे, दोन्ही वेळा कोचेला व्हॅलीला हरवून. हर्शी म्हणजे तेच चॉकलेटवालं गाव, आणि टीम वॉशिंग्टन कॅपिटल्सची.

आता मुख्य काम, आणि हे पहिली मॅच लावायच्या आधी करायचं. एक वही घ्या, आपल्या क्लबच्या फार्म टीमचा रोस्टर, म्हणजे खेळाडूंची यादी, काढा आणि प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहा, जन्मसाल, कॉन्ट्रॅक्ट कोणाशी आहे, आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लब पाळीपाळीने नवीन पोरं निवडतात तिथे, कधी आणि कितवा घेतला होता किंवा घेतलाच नव्हता. कॉन्ट्रॅक्टचा कॉलम लोक सोडून देतात आणि तिथेच फसतात. फार्म टीमकडे दिसणारा प्रत्येक खेळाडू मोठ्या क्लबचा नसतो, काही जणांचं कॉन्ट्रॅक्ट फक्त एएचएल टीमशी असतं, ते कितीही भारी खेळले तरी आधी एनएचएल कॉन्ट्रॅक्ट मिळाल्याशिवाय वर खेळू शकत नाहीत. मग वहीत तीन गट पाडा. एकात २३ च्या आतले, ज्यांचं पहिलं एनएचएल कॉन्ट्रॅक्ट चालू आहे. दुसऱ्यात २४ ते २६ चे, उंबऱ्यावर उभे असलेले, वर जाऊन-येऊन असणारे. आणि तिसऱ्यात मोठे, २७ च्या पुढचे, ज्यांना टीम जिंकवायला आणि पोरांना सांभाळायला घेतलेलं असतं. तिसऱ्या गटाला कमी समजू नका हं, लॉकर रूम तेच धरून ठेवतात. पण लीगचा नियमच असा आहे की मॅचला उतरणाऱ्या १८ स्केटरपैकी, म्हणजे गोलकीपर सोडून बाकीच्यांपैकी, १३ तरी डेव्हलपमेंट प्लेअर पाहिजेत, म्हणजे सीझन सुरू होताना त्यांच्या नावावर ठरावीक आकड्यापेक्षा जास्त प्रोफेशनल मॅच नकोत, त्यामुळे जुने-जाणते फार भरता येत नाहीत आणि जे चार-पाच असतात तेच बहुतेक वेळा पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा एक जण पेनल्टीमुळे बाहेर असताना, पुढे असतात आणि पॉइंट्स, म्हणजे गोल आणि गोलला केलेली मदत, खातात.

म्हणून पॉइंट्सचा तक्ता सगळ्यात शेवटी बघायचा. २०२२ ला शिकागो वुल्व्ह्जने कप घेतला, कॅरोलायनाची फार्म टीम. प्लेऑफचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, जॉश लिव्हो, वय २९, आणि त्या सीझनला लीगमध्ये सगळ्यात जास्त, १०१ पॉइंट्स करणारा अँड्र्यू पोटुरल्स्की, वय २८. दोघंही त्याच उन्हाळ्यात दुसऱ्या क्लबात गेले. कॅरोलायनाच्या हाताला जे लागलं ते वेगळंच, गोलकीपर प्योत्र कोचेत्कोव्ह, डिफेन्समन जेलन चॅटफील्ड, सेंटर जॅक ड्र्युरी, हे तिघं वर गेले आणि टिकले. तक्ता वाचून बसलेल्या माणसाला चॅटफील्डचं नाव लक्षातही राहिलं नसतं.

मग बघायचं काय, तर बर्फावर कोणाला कधी पाठवतात ते. एएचएलमध्ये खेळाडू किती मिनिटं बर्फावर होता हा आकडा सहज हाताला लागत नाही त्यामुळे आपणच मोजायचं, सोपं आहे, आपला एकच पोरगा निवडा आणि एका पिरियडमध्ये तो कितीदा उतरला तेवढ्या रेघा मारा. दुसऱ्या मॅचला दुसरा पोरगा. सगळ्यांवर एकदम लक्ष ठेवायला गेलात तर कोणीच दिसणार नाही. रेघांपेक्षा महत्त्वाची जागा. एक गोलने पुढे असताना शेवटच्या दोन मिनिटांत समोरच्यांनी गोलकीपर काढून सहावा खेळाडू उतरवला की आपल्या बाजूने बर्फावर कोण आहे, हे मी नेहमी लिहून ठेवतो, कारण कोचला तेव्हा कोणाला तयार करायचं वगैरे सुचत नाही, त्याला फक्त गोल खायचा नसतो. २१ वर्षांचा पोरगा तिथे उभा असला तर त्याच्या नावाभोवती वर्तुळ काढा. पेनल्टी किलचंही तसंच, म्हणजे आपला एक जण पेनल्टीमुळे बाहेर असताना चौघांनी गोल वाचवणं, कारण मोठ्या क्लबात नवीन पोराला पहिली जागा मिळते ती तिसऱ्या-चौथ्या लाइनवर, म्हणजे कमी वेळ उतरणाऱ्या फळीत, तिथे पॉवर प्ले त्याच्या वाट्याला येतच नाही, तिथे भिंतीजवळचा पक, म्हणजे खेळायची चकती, काढता येतो का आणि चार जणांत खेळता येतं का हेच बघतात. खाली ३० गोल मारणारा पण फक्त पॉवर प्लेवर मारणारा पोरगा वर जाऊन अडकतो तो यामुळे. आणि प्लेऑफमध्ये रेफरी शिट्टी कमी वाजवतात, धक्काबुक्की वाढते, जागा मिळत नाही, तेव्हा लहान चणीचा खेळाडू कितव्या मॅचपासून गायब व्हायला लागतो किंवा होत नाही ते बघा. पाचव्या-सहाव्या मॅचला पायात जोर किती उरलाय हे सीझनभर बघून कळत नाही तेवढं एका सिरीजमध्ये कळतं.

डिफेन्समनला मी जास्त वेळ देतो, त्यांचं चुकणं बघतो. चूक केल्यावर पुढच्या शिफ्टला, म्हणजे बर्फावर उतरायच्या पुढच्या पाळीला, कोच परत उतरवतो का बसवतो.

आता नॉरफोक २०१२ बद्दल नीट सांगतो, कारण ही पद्धत कशी लावायची याचं याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही. नॉरफोक अॅडमिरल्स तेव्हा टँपा बे लाइटनिंगची फार्म टीम. सीझनच्या शेवटी सलग २८ मॅच जिंकल्या, कोच जॉन कूपर, मग कॅल्डर कपच्या फायनलला टोरंटो मार्लीजना ४-० ने उडवलं. त्या वर्षी टँपाचा मोठा क्लब प्लेऑफमध्येसुद्धा नव्हता. आता २०१२ च्या मे महिन्यात वही घेऊन बसलो असतो तर काय लिहिलं असतं? प्लेऑफचा एमव्हीपी अलेक्झांडर पिकार्ड, पूर्वी ड्राफ्टला आठवा घेतलेला, पण तो त्यानंतर युरोपात गेला आणि एनएचएलला परतला नाही. सीझनचा एमव्हीपी कोरी कोनाकर, ड्राफ्ट न झालेला, लहान चणीचा, ३९ गोल, तो वर गेला आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये टँपाने त्याला ओटावाला देऊन बदल्यात गोलकीपर बेन बिशप घेतला. आणि मग उरलेले: टायलर जॉन्सन, हाही ड्राफ्ट न झालेला, ओन्द्रेइ पालाट, सातव्या राउंडचा, अॅलेक्स किलोर्न, हार्वर्डचं शिक्षण संपवून त्याच वसंतात आलेला. या तिघांवर कोणी मोठ्या बक्षिसाचा शिक्का मारला नव्हता. कूपरला २०१३ ला टँपाने वर बोलावलं, २०१५ ला टँपा स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या कपच्या, फायनलला, २०२० आणि २०२१ ला लागोपाठ कप, आणि हे तिघं त्या दोन्ही टीममध्ये होते. मला यात सगळ्यात जास्त पटतं ते हे की तिघं आणि कोच एकमेकांना आधीपासून ओळखत होते, कूपरला वर गेल्यावर त्यांना काही नव्याने शिकवावं लागलं नाही. आणि बिशपवाली गोष्ट पण वहीत लिहाच, कारण तयार झालेला पोरगा आपल्याकडेच खेळेल असं नाही, कधी त्याच्या बदल्यात आपल्याला लागणारी वस्तू मिळते, तोही उपयोगच झाला.

तीन वर्षं आणि आठ वर्षं लागली बरं का. घाई करणाऱ्याने फार्म टीम बघू नये असं नाही म्हणत, पण पहिल्याच ऑक्टोबरला सगळं दिसलं पाहिजे हा हट्ट धरू नका.

उलट कधी कधी एकाच उन्हाळ्यात दिसतं. सीझन संपत आला की कॉलेजची, ज्युनियरची आणि युरोपची पोरं फार्म टीमला येऊन मिळतात, यांच्यावर विशेष लक्ष ठेवा, कारण ती मोठ्या माणसांशी पहिल्यांदाच खेळत असतात. २०१६ ला मिशिगन युनिव्हर्सिटीतून झॅक वेरेन्स्की कोलंबसच्या फार्म टीमला, लेक एरी मॉन्स्टर्सला आला, १८ वर्षांचा, डिफेन्समन, १७ प्लेऑफ मॅचमध्ये १४ पॉइंट्स, टीमने कप घेतला आणि पुढच्याच सीझनला कोलंबसकडून ४७ पॉइंट्स. २००५ ला फिलाडेल्फिया फँटम्सला असेच ज्युनियर संपवून माइक रिचर्ड्स आणि जेफ कार्टर आले होते, कप जिंकला आणि ऑक्टोबरला दोघं फ्लायर्समध्ये, म्हणजे फिलाडेल्फियाच्या मोठ्या क्लबात. १८ वर्षांचा पोरगा ३० वर्षांच्या माणसासमोर भिंतीजवळ उभा राहतोय आणि पडत नाहीये, हे दिसलं की बाकी काही विचारायची गरज नसते.

आणखी एक तारीख वहीत टाका, मार्चमधली ट्रेड डेडलाइन, म्हणजे क्लबांनी खेळाडूंची अदलाबदल करायची शेवटची तारीख. त्या तारखेच्या आत एनएचएल क्लब काही पोरांना खाली पाठवून एएचएलच्या यादीत घालतात. कारण असं की एनएचएल क्लबात खेळणाऱ्यांपैकी त्या वेळेला जो एएचएलच्या यादीत असेल तोच पुढे एएचएलचे प्लेऑफ खेळू शकतो. म्हणजे मोठा क्लब बाहेर पडला तर कोणाला खाली खेळवायचं ठरलंय याची यादी क्लब स्वतःच तुमच्या हातात देतो. मी दरवर्षी ती नावं लाल पेनाने लिहितो.

आता अॅबट्सफर्ड. २०२५ चा कप अॅबट्सफर्ड कनक्सने घेतला, शार्लट चेकर्सना सहा मॅचमध्ये हरवून, व्हँकुव्हरच्या फार्म टीमने जिंकलेला पहिला कॅल्डर कप. या टीमशी माझा जीव जरा जास्त जडलाय, माझा मावसभाऊ तिकडे व्हँकुव्हरजवळ सरेला राहतो, आणि अॅबट्सफर्ड हे पंजाबी लोकांचं जुनं गाव आहे, तिथला गुरुद्वारा शंभरपेक्षा जास्त वर्षांचा आहे. त्या टीममध्ये अर्शदीप बैन्स खेळत होता, सरेचाच मुलगा, ड्राफ्टमध्ये कोणी घेतला नव्हता, मग ज्युनियरच्या डब्ल्यूएचएलमध्ये ११२ पॉइंट्स करून पहिला आला तेव्हा व्हँकुव्हरने घेतला, आणि २०२४ च्या एएचएल ऑल-स्टारला एमव्हीपी. बैन्स हे नाव स्क्रीनवर दिसलं की आमच्याकडे सगळे चहाचे कप खाली ठेवायचे.

पण ही टीम वाचायची कशी? प्लेऑफचा एमव्हीपी गोलकीपर आर्तुर्स शिलोव्ह्स, लॅटव्हियाचा, २४ वर्षांचा, अख्खी टीम पाठीवर घेतली. बाहेरून बघणारा म्हणेल व्हँकुव्हरला पुढचा गोलकीपर मिळाला. जुलैमध्ये त्याला पिट्सबर्गला ट्रेड केलं. का, तर वर थॅचर डेमको आणि केव्हिन लँकिनेन दोघं कॉन्ट्रॅक्टवर बसलेले, आणि शिलोव्ह्सला आता वेव्हर्समधून न जाता खाली पाठवता येणार नव्हतं, वेव्हर्स म्हणजे खाली पाठवताना बाकीच्या सगळ्या क्लबांना त्याला फुकट उचलायची संधी द्यावी लागते. तेव्हा पोरगा कितीही तयार असू दे, वर खुर्ची रिकामी आहे का हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेलं पाहिजे. मोठ्या क्लबात कोणाचं कॉन्ट्रॅक्ट या उन्हाळ्यात संपतंय, कोण म्हातारा झालाय, गोलकीपर किती आहेत, आणि आपल्या पोराला वेव्हर्स लागतात का नाही. वेव्हर्स लागत नसतील तर क्लब त्याला निवांत खाली ठेवू शकतो, लागत असतील तर या वर्षी निकाल लागणारच. लिनस कार्ल्सन २५ चा, प्लेऑफमध्ये सगळ्यात जास्त पॉइंट्स त्याचे, पुढच्या सीझनला व्हँकुव्हरकडूनच खेळला, त्याच्यासाठी फॉरवर्डमध्ये जागा होती. आणि २०२२ च्या ड्राफ्टचा पंधराव्या नंबरचा योनातान लेकेरिमाकी त्याच टीममध्ये होता, २० वर्षांचा, पण कप त्याच्यापेक्षा मोठ्या मुलांनी आणला. त्याच्याबद्दल त्या जूनमध्ये वहीत मी एवढंच लिहिलं होतं की अजून काडी हिरवी आहे.

गोलकीपरला मी कोणालाच एका प्लेऑफवरून पास-नापास करत नाही, त्यांना जास्त वर्षं लागतात. फक्त गोल खाल्ल्यावर पुढची पाच मिनिटं कशी जातात ते लिहितो.

कोचचं नाव मात्र वर लिहाच. कूपरचं सांगितलं, पण २०१५ च्या डिसेंबरमध्ये पिट्सबर्गने माइक सलिव्हनला आपल्या फार्म टीमहून, विल्क्स-बॅरे/स्क्रँटनहून, वर आणलं, त्याच सीझनला तिथलाच गोलकीपर मॅट मरे, ब्रायन रस्ट, कॉनर शीअरी वर आले आणि २०१६ च्या जूनमध्ये स्टॅनली कप. बॅरी ट्रॉट्झने १९९४ ला वॉशिंग्टनच्या तेव्हाच्या फार्म टीमबरोबर, पोर्टलंड पायरेट्सबरोबर, कॅल्डर कप जिंकला होता आणि २०१८ ला वॉशिंग्टनबरोबर स्टॅनली कप. ज्या क्लबात वरची आणि खालची टीम एकाच पद्धतीने खेळते तिथे पोरगा वर गेल्यावर पहिल्या आठवड्यात गोंधळत नाही, हे ओळखायचं असेल तर एक मॅच वरच्या टीमची आणि एक खालच्या टीमची लागोपाठ बघा, आपल्या झोनमधून पक बाहेर कसा काढतात तेवढंच बघा.

फायनल जूनच्या शेवटी संपते. तेव्हा वहीत आठ-दहा नावं उरलेली असतात, त्यातली तीन-चार वर्तुळ काढलेली. ती वही बंद करून ठेवा, जुलैमध्ये ट्रेड आणि नवीन कॉन्ट्रॅक्टच्या बातम्या आल्या की फक्त खुर्च्यांचं पान दुरुस्त करायचं, नावांना हात लावायचा नाही, नाहीतर बातम्या वाचून आपलं मत बदलत जातं आणि डोळ्यांनी बघितलेलं पुसलं जातं. सप्टेंबरमध्ये मोठ्या क्लबांचे सरावाचे कॅम्प लागतात. महिन्याच्या शेवटी मोठे क्लब रोज थोडे-थोडे खेळाडू खाली पाठवतात, वेव्हर्सची यादी तिकडच्या दुपारी २ ला येते म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकरा, त्या आठवड्यात आमच्या ग्रुपमधला कोणीच लवकर झोपत नाही, यादी आली की ज्याच्या वहीतलं नाव वर टिकलं तो फोन करतो, आणि तिकडे दिंडोरीला मामांची छाटणीची तारीख पण तेव्हाच ठरत असते.